गुलमर्गमधील हंगामारंभीचे स्कीइंग

गुलमर्गमधील हंगामारंभीचे स्कीइंग म्हणजे जम्मू आणि काश्मीर केंद्रशासित प्रदेशाच्या बारामुल्ला जिल्ह्यातील गुलमर्ग येथे, मोसमातील पहिल्या मोठ्या हिमवृष्टीनंतर ताज्या नैसर्गिक हिमावर केले जाणारे स्कीइंग. सर्वसाधारणपणे डिसेंबरचा उत्तरार्ध व जानेवारीचा पूर्वार्ध हा त्याचा काळ मानला जातो. युरोपातील अनेक केंद्रे थंडी पडताच यंत्राने बनवलेल्या कृत्रिम हिमावर हंगाम सुरू करतात. गुलमर्गचा हंगाम मात्र जवळजवळ पूर्णपणे आकाशातून पडणाऱ्या हिमावर अवलंबून आहे. त्यामुळे हंगाम केव्हा सुरू होणार हे दिनदर्शिकेवरून सांगता येत नाही आणि सुरू झालेला हंगाम पहिल्या दिवसांत कितपत सुरक्षित आहे, हेही हिमाच्या पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागाकडे पाहून कळत नाही.

पार्श्वभूमी

गुलमर्ग हे पीर पंजाल पर्वतरांगेच्या काश्मीर खोऱ्याकडील उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर पसरलेले कुरण आहे. श्रीनगरपासून ते सुमारे ५० किलोमीटर अंतरावर असून शेवटची घाटवाट टंगमर्ग या गावापासून चढते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्ये येथे स्की क्लबची स्थापना केली. स्वातंत्र्यानंतर भारतीय सेनेने येथे स्की प्रशिक्षण सुरू केले व त्यातूनच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ही संस्था आकारास आली.

सर्वसामान्य स्कीपटूंसाठी निर्णायक बदल घडला तो गोंडोला या रज्जुमार्गामुळे. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो गुलमर्ग ते कोंगदोरी (सुमारे ३,१०० मीटर) असा आहे. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा कोंगदोरीपासून अफरवट पर्वताच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटर उंचीवर जातो. तेथून कुरणापर्यंतची उतरण सुमारे १,३०० मीटरची आहे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये २०२२ साली बीजिंग येथे भारताचे प्रतिनिधित्व करणारा आरिफ खान हा अल्पाइन स्कीपटू याच परिसरातील आहे.

हिमवृष्टीचे स्वरूप

काश्मीरमधील हिवाळी हिमवृष्टी मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे होते. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणाऱ्या या वादळी प्रणाली इराण व अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे सरकतात. वाटेत त्यांना पीर पंजालची रांग आडवी येते, हवा वर चढून थंड होते आणि तिच्यातील बाष्प हिमरूपाने खाली पडते. मोसमी पावसाशी याचा संबंध नाही. नैऋत्य मोसमी वारे दुर्बल ठरलेल्या वर्षीही काश्मीरचा हिवाळा भरघोस हिमाचा असू शकतो.

काश्मिरी लोकजीवनात कडाक्याच्या थंडीचे तीन कालखंड मानतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’, त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ व शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. चिल्लई कलानमध्ये पडलेले हिम टिकते, असा स्थानिक अनुभव आहे आणि तो तर्कसंगतही आहे. या काळात सूर्य क्षितिजालगत राहतो, दिवस जेमतेम दहा तासांचा असतो आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांना ऊन फारसे लागत नाही. स्कीपटूच्या दृष्टीने मात्र याच कारणाने दिवस आखूड होतो.

पहिला थर

हंगामाच्या आरंभी हिम किती पडले यापेक्षा ते कशावर पडले हे अधिक महत्त्वाचे असते. गुलमर्गच्या कुरणात हिमाखाली गवत असते. तेथील मंद उतारांवर फूटभर दाबलेले हिमही नवशिक्यांना पुरते. उन्हाळ्यात ज्यावर गोल्फ खेळला जातो, त्याच जमिनीवर हिवाळ्यात पहिले धडे गिरवले जातात. अफरवटची स्थिती याच्या उलट आहे. तेथे उंचीमुळे हिम लवकर पडते व अधिक पडते, परंतु खाली शिळा, खडकांच्या राशी व नाले असतात. ते झाकण्यासाठी एक-दोन वादळे पुरत नाहीत. म्हणजे जेथे हिम आधी येते तेथेच त्याला झाकायचेही जास्त असते. पहिल्या हिमवृष्टीनंतर वरच्या टप्प्याकडे धाव घेणाऱ्यांच्या लक्षात ही विसंगती बहुधा स्कीच्या तळाला पहिला ओरखडा पडल्यावरच येते.

भुसभुशीत हिमाखाली लपलेल्या खडकांना इंग्रजी भाषक स्कीपटू थट्टेने ‘शार्क’ म्हणतात. ताजे हिम वजनाला इतके हलके असते की ते खडक झाकते, पण स्कीपटूचा भार पेलत नाही. नव्याने पडलेल्या कोरड्या हिमाच्या एका घनमीटरचे वजन बहुधा ५० ते १०० किलोग्रॅम भरते. यंत्राने दाबलेल्या वाटेवरील हिमाचे वजन त्याच्या चार-पाच पट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. वाऱ्याने व स्वतःच्या भाराने थर बसत जातो, तेव्हाच त्याला ‘पाया’ म्हणण्याजोगी घट्टता येते. तोवर बाबा रेशी दर्ग्याच्या बाजूला जंगलातून उतरणाऱ्या, विशेषतः टंगमर्गपर्यंत जाणाऱ्या वाटा सहसा अपुऱ्या झाकलेल्या असतात. पडलेली झाडे, झुडपे आणि नाल्यांवरील पातळ हिमपूल हे तेथील मुख्य अडथळे होत.

अशा हिमावर उतरण्याची रीतही वेगळी आहे. दाबलेल्या कठीण वाटेवर स्कीची कड रुतवून वळण घेतात. खोल ताज्या हिमात भार दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा ठेवावा लागतो, अन्यथा ज्या स्कीवर भार अधिक ती बुडते. यासाठी रुंद स्की वापरतात. वेग फार कमी ठेवल्यास स्की हिमात रुततात व वाढवल्यास खडकाचा आघात तीव्र होतो. हंगामाच्या आरंभीचे कौशल्य बरेचसे या दोहोंमधला तोल साधण्यात आहे.

हिमस्खलनाचा धोका

पातळ थराचा सर्वांत गंभीर परिणाम डोळ्यांना दिसत नाही. हिमाखालील जमीन बहुधा शून्य अंशाच्या आसपास असते. निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग मात्र पुष्कळ थंड होतो. समजा, तो उणे १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. थर दीड मीटर जाड असेल तर तापमानातील हा फरक दर मीटरला ८ अंश पडतो. थर केवळ ३० सेंटिमीटरचा असेल तर तोच फरक दर मीटरला ४० अंश होतो. साधारण १० अंशांपलीकडे हा फरक गेला की थरातील बाष्प झपाट्याने वर सरकते आणि हिमकणांचे रूप पालटते. ते एकमेकांना चिकटलेले न राहता साखरेच्या दाण्यांसारखे सुटे, कोनदार होतात. मुठीत घेतल्यास त्यांचा गोळा होत नाही.

डिसेंबरमधील पहिली हलकी हिमवृष्टी व त्यानंतरचा दीर्घ कोरडा, थंड काळ यांतून असा रवाळ थर तयार होतो. पुढच्या वादळाचे हिम त्यावर साचते. त्याची जाडी ५० सेंटिमीटर असली तरी दर चौरस मीटरवर सुमारे ४० किलोग्रॅमचा नवा भार येतो. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला हिम वाहून येत असल्याने तेथे तो कितीतरी वाढतो. मग एका स्कीपटूच्या वजनानेही खालचा थर कोसळून वरचे संपूर्ण पटल सुटू शकते. अशी पटले बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून घसरतात आणि स्कीपटूंना आकर्षक वाटणारे उतारही नेमके हेच असतात. दुर्बल थर अनेक आठवडे गाडलेला राहू शकतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये तयार झालेला दोष फेब्रुवारीतही घातक ठरू शकतो.

अफरवटच्या परिसरात प्राणघातक हिमस्खलने झालेली आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे १७ सैनिक मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी पोलंडच्या दोन स्कीपटूंचा, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. गोंडोलाच्या लगतच्या उतारांवर गस्ती पथक लक्ष ठेवते आणि वारा किंवा हिमस्खलनाचा धोका असल्यास वरचा टप्पा बंद ठेवला जातो. त्या हद्दीपलीकडील उतार नियंत्रित नाहीत. गोंडोलातून उतरून काही पावले आडवे गेले की ही हद्द ओलांडली जाते.

हद्दीबाहेर जाणाऱ्याने ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर, हिमात खुपसून शोध घेण्याची घडीची काठी व फावडे बाळगणे आवश्यक मानले जाते. गाडल्या गेलेल्या व्यक्तीला पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढल्यास ती वाचण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासानंतर ती फार घटते. बाहेरून मदत पोहोचण्यास याहून अधिक वेळ लागतो, म्हणून सोबत्यांजवळ ही साधने असणे व ती वापरण्याचा सराव असणे यांवरच जीव अवलंबून असतो. एकट्याने जाणाऱ्यास यांपैकी कशाचाही फारसा उपयोग नाही.

हिमाची अनिश्चितता

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे कुरण बराच काळ तपकिरी व कोरडे राहिले. ऐन चिल्लई कलानमधील या दृश्याची देशभर चर्चा झाली. पुरेसे हिम महिनाअखेरीस व फेब्रुवारीत पडले. म्हणजे त्या वर्षी ‘हंगामाचा आरंभ’ जवळजवळ सहा आठवडे पुढे सरकला. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धांचा गुलमर्ग येथील टप्पा हिमाअभावी फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये घ्यावा लागला. अशा विलंबाची झळ प्रामुख्याने स्थानिक वाटाडे, स्की प्रशिक्षक, साहित्य भाड्याने देणारे व घोडेवाले यांना बसते, कारण त्यांची हिवाळ्यातील कमाई मोजक्या आठवड्यांतच होते. उशिरा येणाऱ्या हिमावर आरंभीच्या दिवसांचे सर्व धोके लागू होतात, फरक इतकाच की तोवर पर्यटक मोठ्या संख्येने येऊन थांबलेले असतात आणि उतार खुले होण्याची घाई सर्वांनाच झालेली असते.