गिअरबॉक्समध्ये वीज कधी शिरली?

ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज उडाला, तर बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअर ‘पी’मधून हलतच नाही. वायरिंगवाला मागचे दिवे दुरुस्त करून जातो, दुसऱ्या दिवशी गाडी जागची निघत नाही, आणि गिअरबॉक्स जाम झाला असं सगळ्यांचं एकमत होतं. दिव्याचा आणि गिअरचा काय संबंध? तो कळायला एका टीव्ही कार्यक्रमापर्यंत मागे जावं लागतं.

२३ नोव्हेंबर १९८६ रोजी अमेरिकेत सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ने ‘ऑडी ५०००’वर एक भाग दाखवला. आरोप असा, की ही गाडी आपोआप सुसाट सुटते. कार्यक्रमात पेडल स्वतःहून खाली जाताना दिसतं. ते तसं दिसावं म्हणून गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून हवेचा दाब दिला होता, हे नंतर उघड झालं. १९८९च्या सरकारी अहवालाने चालकांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता असा निष्कर्ष काढला. पण बदनामी होऊन गेली होती. १९८५मध्ये अमेरिकेत ७४ हजार गाड्या विकणारी ऑडी १९९१मध्ये १२ हजारांवर आली.

या गदारोळातून एक कामाची गोष्ट मात्र रुजली: ब्रेक दाबल्याशिवाय ‘पी’मधून गिअर न सोडणारं विजेचं कुलूप. ब्रेक दाबलाय हे त्या कुलपाला सहसा ब्रेकच्या दिव्याचाच स्विच सांगतो. फ्यूज गेला की कुलपाला काहीच कळत नाही.

मुळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला विजेची गरजच नव्हती. जनरल मोटर्सने १९३९मध्ये ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ आणला, तो सगळा तेलावर चालायचा. वेग वाढला की गव्हर्नर एका बाजूने तेलाचा दाब वाढवायचा. ॲक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या बाजूने दाब यायचा. दोघांच्या रस्सीखेचीत व्हॉल्व्ह सरकला की गिअर बदलायचा. माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्याला हे वाचताना भारी मजा येते, कारण हा तेलात लिहिलेला ‘इफ-एल्स’च आहे. दुसऱ्या महायुद्धात हेच यंत्र अमेरिकेच्या एम-५ रणगाड्यात बसलं.

१९८०च्या दशकात टोयोटा आणि मग इतरांनी ही रस्सीखेच कॉम्प्युटरकडे दिली. तेल तेच, पण ते कुठे सोडायचं हे आता सोलेनॉइड ठरवतात. सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडझाप करणारी छोटी तोटी. इंजिनिअरांनी इथे एक शहाणपण केलं. कॉम्प्युटरला काही बिनसल्याची शंका आली, की तो सगळ्या तोट्यांची वीज काढून घेतो. मग स्प्रिंगच्या जोरावर गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, जुन्या गाड्यांत बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या. रिव्हर्स चालतो, कारण तो थेट लिव्हरवर असतो. गाडी रडतखडत का होईना, घरी पोचते.

हे सगळं मी वाचलं ते जिंतूरच्या मामांमुळे. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही. म्हणून १,६०,००० रुपयांत पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक घेतली. डायनामो दुरुस्त करून आणला आणि गाडी उचल घेईना. एका गॅरेजने गिअरबॉक्स बदलायचे ७०,००० सांगितले. मामांचा फोन आला, “बॉक्स गेलाय म्हणतेत. आता परभणीला जायचं म्हणलं की कुणाच्या तरी पाया पडावं लागतंय बघ.”

मी विचारलं, “मामा, रिव्हर्स पडतो का?” पडत होता. पुढेही जात होती, फक्त गिअर बदलत नव्हता. जळालेला बॉक्स इतका शिस्तीत वागत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी पायांवर बसलेले असतात, म्हणून बॉडीशी आणि बॅटरीशी जोडायला अर्थची पट्टी लागते. डायनामो काढताना ती सोडली जाते, आणि परत कसताना खालचा गंज तसाच राहतो. मीटरचा ‘बीप’ इथे फसवतो, कारण तो अगदी किरकोळ करंट सोडतो आणि गंजलेल्या जोडणीतूनही वाजतो. खरी परीक्षा लोड टाकून होते. मीटरची एक टोच बॅटरीच्या मायनसवर, दुसरी गिअरबॉक्सच्या धातूवर ठेवायची आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं तिथे १.४ व्होल्ट आले. पॉलिश पेपर आणि दहा नंबरचा पाना, एवढ्यावर काम झालं. नंतर दोनेक दिवस गिअर झटके देत होता, तेही साहजिकच. बॅटरी सोडली की अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर शिकलेलं विसरतो. डायनामोचं काम उत्तम झालं होतं, हेही सांगायला हवं.

भारतात ऑटोमॅटिक खऱ्या अर्थाने लहान गावांत पोचली ती २०१४च्या सेलेरिओपासून. त्या एएमटीत गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबायला डाव्या पायाऐवजी विजेवर चालणारा तेलाचा पंप. म्हणजे बॅटरी मरगळली की थेट क्लचच दुबळा. या गाड्या आता दहा वर्षं ओलांडून आमच्याकडच्या गॅरेजांत यायला लागल्या आहेत. तिथे गिअरचा मिस्त्री एका टपरीत बसतो, वायरिंगवाला रस्त्यापलीकडच्या टपरीत, आणि गाडी आधी कुणाकडे लावायची हे अजून मालकालाच ठरवावं लागतं.