बुधवार, रात्री आठ, जालहळ्ळी

तारीख १६ नोव्हेंबर १९६६, वार बुधवार. आठ वाजायला वीस मिनिटं आहेत. तुम्ही बंगळूरच्या उत्तर टोकाला, जालहळ्ळीच्या एचएमटी कॉलनीत एका क्वार्टरच्या फाटकाशी उभे आहात. राज्याचं नाव अजून म्हैसूर आहे. स्वेटर घातलात ते बरं केलंत, नोव्हेंबरात इथली संध्याकाळ बोचते. खिशातला मोबाइल मात्र बाहेर काढू नका.

"या की आत! बाहेर का थांबलाय?" दारातून अण्णा हाक मारतात. हे बेळगावचे, कारखान्यात नोकरीला. टेबलावर टपालानं शिळा होऊन आलेला 'तरुण भारत' पडलाय. तीन आठवड्यांपूर्वी सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेलाय, आणि अण्णांना त्यावरच बोलायचंय. त्यांना बोलू द्या, पण आयोगाचा निकाल काय लागणार हे चुकूनही सांगू नका. शिवाय ताई डोळे वटारतेय. बुधवारी पावणेआठनंतर या घरात राजकारण बंद.

कोपऱ्यात मर्फीचा रेडिओ आहे, त्यावर ताईनं भरतकाम केलेलं आच्छादन. भिंतीच्या वरच्या अंगाला जाळीची एरियल ताणलेली. ताई बटण फिरवते, पण आवाज लगेच येत नाही. आतले व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. असे व्हॉल्व्ह १९६१ पासून इथून जवळच, भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात बनताहेत. मग पट्टीमागचा दिवा उजळतो आणि ताई शॉर्टवेव्हवर ४१ मीटरच्या आसपास काटा सरकवू लागते. शिट्टी, खरखर, कुठल्याशा परक्या भाषेतली बातमी, पुन्हा शिट्टी. केसभर डावीकडे. आता केसभर उजवीकडे. लागलं!

रेडिओ सिलोन. बंगळूरपासून मुंबई जितकी लांब, त्याहून कोलंबो जवळ, सरळ रेषेत सातशे किलोमीटरच्या आसपास. तरी आवाज लाटेसारखा चढतो, ओसरतो. वायुमंडळाच्या वरच्या थरावर आपटून तो खाली येतोय, आणि तो थर काही कुणाच्या ताब्यात नाही. आवाज बुडाला की घरातले सगळे श्वास रोखतात. सेटला हात लावायचा नाही, हा नियम. लावला की गेलं स्टेशन.

अण्णा मनगट पुढे करतात. एचएमटीचं घड्याळ, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं इथंच घडलेलं. ठोके पडतात, काटा जुळतो, आणि मग तो आवाज: 'बहनों और भाइयों'. अमीन सयानी. टूथपेस्टच्या नावाची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली.

तुम्हाला वाटेल, हा माणूस आत्ता कोलंबोत माइकसमोर बसलाय. तसं नाही. तो मुंबईकर, आणि कार्यक्रमही मुंबईतच ध्वनिमुद्रित होतो. टेप विमानानं कोलंबोला जाते आणि तिथल्या ट्रान्समीटरवरून भारतात परत येते. मुंबईचा आवाज बंगळूरला पोहोचायला आधी समुद्र ओलांडतो! हे ट्रान्समीटर मुळात दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटनच्या सैनिकांची करमणूक करायला उभारलेल्या केंद्राचे. युद्ध संपलं, यंत्रं सिलोनला मिळाली, आणि तिथल्या सरकारनं त्यांवर जाहिराती घेऊन धंदा मांडला.

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर आपल्याच एका मराठी माणसामुळे. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झाले. सिनेसंगीतानं लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरच्या सिनेगीतांना कात्री लागली, सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकट जाहिरात असं ठरलं, निर्माते बिथरले आणि गाणी जवळजवळ गायबच झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला सात गाणी वाजायची, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून कळवायचा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजारांवर पत्रं आली. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजार. एवढी पत्रं कोण फोडणार? म्हणून मग गाण्यांची क्रमवारीच लावायची ठरलं. दुकानांतला तबकड्यांचा खप बघायचा, पुढे जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची मतं.

आतल्या खोलीतून आजी कुरकुरतेय. तिला हा धांगडधिंगा वाटतो. पण तिचंही ऐका. शनिवारी रात्री लागणारी शास्त्रीय संगीताची राष्ट्रीय सभाही केसकरांच्याच काळातली. गदगच्या भीमसेनला घरबसल्या ऐकायला मिळतं, ते काय सिलोनमुळे? केसकरांना नुसतं खलनायक करून मोकळं होण्यात अर्थ नाही. चांगलं ऐकवण्याची त्यांची धडपड खरी होती. दुसरं काही ऐकूच नका, हा हट्ट मात्र अंगाशी आला. १९५७ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत 'विविध भारती' काढावी लागली.

इकडे गाणी खालच्या पायदानावरून वर चढताहेत. ताईच्या मांडीवर दोनरेघी वही. गाणं, सिनेमा, गेल्या बुधवारचा क्रमांक, आजचा क्रमांक. खिडकीबाहेर एव्हाना शेजारची मुलं जमलीत. कन्नड, तमिळ, मल्याळी. गेल्या वर्षी हिंदीविरोधात मद्रास पेटलं होतं, पण या खिडकीशी त्याची धग नाही. सयानींची भाषाच तशी, सोपी, गप्पा मारल्यासारखी. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' हे नवसाक्षरांचं नियतकालिक चालवत, तिथं मुलानं ही बोली गिरवली. सरकारी हिंदीला नाकं मुरडणारी ही पोरं पुढचा नंबर कुणाचा यावरून मात्र चक्क हिंदीत भांडताहेत.

मराठी गाणं मात्र या तासात शोधू नका. लता आणि आशा मराठी, पण गातात हिंदी. ताईला मराठी भावगीत ऐकायचं तर मुंबई केंद्र लावायला हवं, आणि ते इथं धड लागत नाही.

सातासमुद्रापार इंग्लंडात याच सुमारास असंच चाललंय. तिथं बीबीसी पॉप संगीत चमच्यानं वाढते, म्हणून १९६४ च्या ईस्टरपासून 'रेडिओ कॅरोलाइन' सरकारी हद्दीबाहेर समुद्रात जहाज नांगरून गाणी वाजवतेय. 'रेडिओ लंडन' तर स्वतःची चाळीस गाण्यांची यादीही लावते. त्यांना चाचे म्हणतात. आपला चाचा मात्र शेजारचं एक सरकार, रीतसर परवान्यानिशी बसलेलं. त्याच्यावर खटला कुणी भरायचा? पुढच्या वर्षी दोन्हीकडे गंमत होणार आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये ब्रिटन त्या जहाजांविरुद्ध कायदा लागू करील आणि दीड महिन्यात बीबीसी स्वतःच 'रेडिओ वन' काढील. नोव्हेंबरात 'विविध भारती' मुंबई, पुणे, नागपूरला जाहिराती घेऊ लागेल. कोलंबोला जाणारा पैसा दिसायला दिल्लीला पंधरा वर्षं लागली.

नऊ वाजले. ताई वही मिटते आणि बाहेर वादाला तोंड फुटतं. वर्षाअखेरीस सगळ्यात वर कोण? ताईचा जीव 'सूरज'मधल्या रफीच्या गाण्यावर. शंकर-जयकिशनचं संगीत, हसरत जयपुरींचे शब्द. अण्णांना ते बँडवाल्यांचं गाणं वाटतं.

"तुम्ही सांगा की पाहुणे," अण्णा तुमच्याकडे वळतात. "हे गाणं पहिलं आलं तर मल्लेश्वरमला सीटीआरमध्ये बेण्णे मसाला माझ्याकडून. नाही आलं तर तुमच्याकडून."

ते गाणं १९६६ चं पहिलं आलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढची कित्येक वर्षं वरातींत ते वाजणार आहे, हेही. अशी पैज लावणं म्हणजे शुद्ध लबाडी. पण सीटीआरचा डोसा लोण्यात खरपूस भाजलेला असतो, आणि अण्णा हात पुढे करून उभे आहेत. टाळी द्या. डिसेंबरात परत यावं लागेल, तेवढी सोय बघून ठेवा.