थांबलेले यंत्र आणि बंद केलेले यंत्र

१/ ४ जुलै १९८१. जपानमधील आकाशी येथे कावासाकी हेवी इंडस्ट्रीजच्या कारखान्यात केंजी उरादा हा ३७ वर्षांचा कर्मचारी एका रोबोतील बिघाड पाहण्यासाठी कुंपणाच्या आत गेला. तो जिवंत परतला नाही. आजच्या कारखान्यांतील सुरक्षा-नियमांमागे अशाच काही मृत्यूंचा इतिहास आहे.

२/ औद्योगिक रोबोची कल्पना अमेरिकी संशोधक जॉर्ज डेव्हॉल यांची. त्यांनी १९५४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात ‘युनिमेट’ कामाला लागला. साच्यातून निघणारे तप्त धातूचे भाग उचलणे, हे त्याचे काम. १९६८ मध्ये कावासाकीने याच तंत्राचा परवाना घेतला.

३/ माणसाला धोक्यापासून दूर ठेवणे, हा या यंत्राचा एक मोठा लाभ मानला गेला. मध्ये कुंपण, आत यंत्र, बाहेर माणूस. परंतु ही वाटणी सारे सुरळीत चालेपर्यंतच टिके. एखादा भाग अडकला किंवा यंत्राला नवी हालचाल शिकवायची झाली, की माणसाला आत जावेच लागे. अशा कामासाठी ‘मॅन्युअल मोड’ असतो.

४/ आकाशीच्या कुंपणाचा अडसर काढला की यंत्राची वीज तुटत असे. तत्कालीन वृत्तांनुसार उरादाने अडसर न काढता कुंपणावरून उडी घेतली आणि रोबो मॅन्युअलवर आणला. मात्र काम करताना चालू करण्याच्या बटणाला धक्का लागला. यंत्राच्या हाताने त्याला शेजारच्या यंत्रावर दाबले.

५/ वृत्तपत्रांनी त्याला ‘रोबोचा पहिला बळी’ म्हटले. तसे नव्हते. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, फ्लॅट रॉक येथील फोर्डच्या ओतकाम कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स या २५ वर्षांच्या कामगाराचा असाच मृत्यू झाला होता.

६/ यंत्राकडून सुटे भाग नीट मिळत नसल्याने ते हाताने आणण्यासाठी विल्यम्स साठवणीच्या मांडणीवर चढला होता. यंत्र मात्र बंद नव्हते. त्याच्या हाताचा आघात डोक्यावर झाला. १९८३ मध्ये ज्युरीने कुटुंबीयांना १ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली.

७/ जुलै १९८४ मध्ये मिशिगनमध्येच आणखी एक मृत्यू झाला. साचलेले धातूचे तुकडे साफ करण्यासाठी कठडा ओलांडून गेलेला कामगार रोबो आणि पोलादी खांब यांच्यात चिरडला गेला. त्याला या व्यवसायाचा १५ वर्षांचा अनुभव होता. रोबोविषयीचे आठवडाभराचे प्रशिक्षणही त्याने तीनच आठवड्यांपूर्वी घेतले होते.

८/ तिन्ही घटनांत एक गोष्ट समान होती : वीज चालू असलेल्या यंत्राच्या टप्प्यात माणूस उभा होता. निश्चल दिसणारा रोबो बंद असतोच असे नाही. तो पुढच्या संकेतासाठी थांबलेलाही असू शकतो. दोन्ही स्थिती डोळ्यांना सारख्याच दिसतात.

९/ त्यानंतर नियम आले. जपानने १९८३ मध्ये कामगार-सुरक्षेच्या नियमांत रोबोविषयक कलमे घातली. अमेरिकेचे मानक १९८६ मध्ये, तर ‘आयएसओ १०२१८’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. मॅन्युअल मोडमध्ये यंत्राचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरपर्यंत मर्यादित ठेवण्याचा दंडक रूढ झाला. हेतू हा, की धोका दिसताच माणसाला मागे सरायला अवधी मिळावा.

१०/ हातातल्या नियंत्रकावरील स्विचचा इतिहास अधिक बोलका आहे. मुंबईच्या लोकलमधील ‘डेड मॅन हँडल’ अनेकांना ठाऊक असेल : मोटरमनचा हात सुटला की गाडी थांबते. रोबोसाठीही प्रारंभी हेच तत्त्व पुरेसे वाटे. परंतु घाबरलेला माणूस नेहमीच हात सोडत नाही. पुष्कळदा तो मूठ अधिकच आवळतो.

११/ म्हणून तीन स्थितींचा स्विच आला. हलका दाब असेल तरच यंत्र हलते. बोट सुटले तरी ते थांबते आणि मूठ आवळली तरीही थांबते.

१२/ दुरुस्तीसाठी १९८९ च्या अमेरिकी नियमाने आणखी एक व्यवस्था सक्तीची केली. वीज तोडून मुख्य स्विचला कुलूप लावायचे आणि किल्ली आत जाणाऱ्यानेच जवळ ठेवायची. तो बाहेर येईपर्यंत कोणालाही यंत्र चालू करता येऊ नये.

१३/ या नियमांनी माणूस कधीच चुकणार नाही, असे मानलेले नाही. त्याला घाई होईल, त्याचा धक्का लागेल, भीतीने त्याची मूठ आवळली जाईल, हे गृहीत धरूनच ते रचले गेले. उरादाच्या कुंपणातही वीज तोडण्याची सोय होती. पण तिला वळसा घालणे एका उडीइतके सोपे होते. (समाप्त)