सार्वजनिक वाहतूक खरेदीतील लघुउद्योगांचा राखीव हिस्सा

वाहतूक संस्थांच्या वस्तू व सेवा खरेदीत सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी ठेवलेल्या भागास राखीव हिस्सा म्हणतात. भारतात त्याचा आधार 'सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६' हा कायदा आणि त्याखालील २०१२ चा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश होय. रेल्वेसह केंद्रीय मंत्रालये व उपक्रमांना तो लागू आहे. आरंभी २० टक्के असलेला हा हिस्सा २०१८ मधील दुरुस्तीने २५ टक्के झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ व महिलांसाठी ३ टक्के उपहिस्सा आहे. पात्र लघुउद्योगांना बयाणा रक्कम माफ असते.

अनुसूचित जाती-जमातींचे पात्र निविदाकार न मिळाल्यास मात्र त्यांचा उपहिस्सा इतर लघुउद्योगांकडून भरून काढता येतो; त्यामुळे ही तरतूद बरीचशी कागदावर राहू शकते. शिवाय पूल, लोहमार्ग, स्थानके यांच्या बांधकामाची कंत्राटे धोरणाबाहेर आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद येथे रेल्वे नाही. मुंबई–हावडा मार्गावरील नांदुरा स्थानक गाठावे लागते. सार्वजनिक प्रवासाची भिस्त एसटीवर आहे. एसटी महामंडळ राज्याचे असल्याने केंद्राचा आदेश त्यास थेट लागू होत नाही. परिणामी येथील लघुउद्योजक गावात न येणाऱ्या रेल्वेच्या निविदेत या आदेशाची सवलत मागू शकतो, दारातल्या एसटीच्या निविदेत नाही.

देयकांचे तसे नाही. नोंदणीकृत सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे कोणत्याही खरेदीदाराने कमाल ४५ दिवसांत देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.