संमतिवयाचा वाद

ज्या वयाखालील मुलीशी, ती विवाहित असो वा अविवाहित, ठेवलेला शरीरसंबंध तिच्या संमतीनेही बलात्कारच ठरतो, त्या वयास संमतिवय म्हणतात. 1860 च्या भारतीय दंडसंहितेने दहा वर्षे ठरवलेले हे वय बारापर्यंत वाढवावे की नाही, यावर 1890–91 मध्ये मुंबई आणि बंगाल इलाख्यांत जो संघर्ष झाला, तो ‘संमतिवयाचा वाद’ या नावाने ओळखला जातो.

बेहरामजी मलबारी यांनी 1884 मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून या प्रश्नाला तोंड फोडले होते; ते पारशी असल्याने ‘हिंदूंच्या घरात यांना काय अधिकार’ हा आक्षेप तेव्हापासूनच निघू लागला. पुढे 1890 मध्ये कलकत्त्याच्या फुलमणी दासी या बालिकेच्या मृत्यूचा खटला चालला. तिने दहा वर्षे ओलांडलेली असल्यामुळे पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही, आणि कायद्यातील उणीव उघड झाली. सरकारचे विधिसदस्य अँड्र्यू स्कोबल यांनी जानेवारी 1891 मध्ये मांडलेले, संमतिवय बारा करणारे विधेयक 19 मार्च रोजी संमत झाले.

अवघ्या दोन वर्षांच्या फरकासाठी एवढे रण का माजले, याचे उत्तर कायद्याच्या मजकुरात सापडत नाही. त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या प्रश्नावर, उदाहरणार्थ रुपयाच्या घसरत्या विनिमयदरावर, मत देण्यासाठी अर्थशास्त्राची थोडीफार जाण लागे. विवाह मात्र प्रत्येकाच्या घरातला असल्याने बोलण्याचा अधिकार प्रत्येकाला आपोआप मिळाला. शिवाय एका नावाखाली तीन निरनिराळी भांडणे चालू होती: मुलीचे वय किती असावे, ऋतुप्राप्तीनंतर करावयाच्या गर्भाधान संस्काराविषयी शास्त्राचा खरा अर्थ कोणी सांगावा, आणि राणीच्या 1858 च्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन असताना परकीय सरकारने यात पडावे काय. त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी उरलेल्या दोहोंवर वाद चालूच राही. रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांच्या आधारे विधेयकाचे समर्थन केले, तर टिळकांनी ‘केसरी’तून त्यांच्या अर्थनिर्णयास आव्हान दिले, पण टिळकांचा मुख्य रोख तिसऱ्या प्रश्नावर होता, कारण मुलींचे विवाह सोळा वर्षांपूर्वी करू नयेत असा स्वेच्छेने पाळावयाचा नियम त्यांनी स्वतःच सुचवला होता. केवळ वयापुरते पाहिले तर विरोधकांचे हे पुढारी विधेयकाच्या पुढेच होते. बंगालमध्ये ‘बंगबासी’ पत्राचा विरोध इतका प्रखर झाला, की त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरण्यात आला.

या गदारोळात जिच्याविषयी सारे बोलत होते, तिचा आवाज फारसा उमटला नाही. बालपणीच विवाह झालेल्या रखमाबाईंनी 1885 मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने वृत्तपत्रात लिहिलेली पत्रे हा त्याआधीचा ठळक अपवाद होय. पुढे मुलीच्या विवाहाचेच किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा 1929 मध्ये झाला, आणि त्या वेळीही धर्मातील हस्तक्षेपाचा आक्षेप पुन्हा मांडला गेला.