फ्लॉरेन्सचा परिसर व इटालियन प्रमाणभाषा

फ्लॉरेन्स ही इटालियन प्रमाणभाषेची जन्मभूमी होय, असे सामान्यतः मानले जाते. तथापि या नगराहून एका दिवसात पाहून परतता येतील अशी तीन स्थळे या मतास मुरड घालावयास लावतात.

पहिले आरेत्सो. वडील फ्लॉरेन्समधून हद्दपार झाले असल्यामुळे पेत्रार्कचा जन्म १३०४ मध्ये येथे झाला. फ्लॉरेन्समध्ये त्याचे दीर्घ वास्तव्य कधीच घडले नाही. दुसरे चेर्ताल्दो. टेकडीवरील या गावी बोकाच्चोने अखेरची वर्षे घालविली व १३७५ मध्ये देह ठेवला. दान्ते तर १३०२ च्या हद्दपारीनंतर परतलाच नाही. १३२१ मध्ये तो दूर राव्हेन्ना येथे निवर्तला.

तिसरे कास्तेल्लो. येथील मेदिची प्रासादात आज आक्कादेमिया देल्ला क्रुस्का ही सोळाव्या शतकात स्थापन झालेली संस्था आहे. क्रुस्का म्हणजे कोंडा. भाषा चाळून कोंडा वेगळा काढावा, हा तिचा संकल्प. तिच्या १६१२ च्या कोशाने प्रामुख्याने चौदाव्या शतकातील लेखनास, त्यातही या तिघांच्या लेखनास, प्रमाण मानले.

बोली फ्लॉरेन्सची खरी. परंतु तिला प्रतिष्ठा दिली ती बव्हंशी नगराबाहेर चाललेल्या लेखणीने. प्रमाणभाषेचे मूळ नकाशावरील एकाच बिंदूत शोधणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानी ठेवावयास हवे.