मूळ संख्यांमधली ओसाडी

मूळ संख्यांना शेवट नाही, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. पण एका मूळ संख्येनंतरची पुढची किती लांब असेल? 1 ते 101 या संख्यांचा गुणाकार करा. त्यात 2 मिळवले तर येणाऱ्या संख्येला 2 ने भाग जातो, 3 मिळवले तर 3 ने, आणि असेच 101 पर्यंत. म्हणजे सलग शंभर संख्यांत एकही मूळ संख्या नाही. अशी ओसाडी हवी तेवढी लांब सापडते.

म्हणून प्रश्न असा : एखाद्या मोठ्या संख्येपासून तिच्या वर्गमूळाइतके पुढे गेलो, तर वाटेत एक तरी मूळ संख्या भेटेलच का? दहा लाखांपुढे ती लगेच भेटते. 10,00,003 ही मूळ संख्या आहे. पण 'नेहमीच भेटेल' हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

के. रामचंद्र या प्रश्नाला बाजूने भिडले. त्यांचा जन्म 1933 मध्ये मंड्याचा. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात ते शिकले, मिनर्व्हा मिल्समध्ये कारकुनी केली आणि फावल्या वेळात रामानुजनची प्रमेये अभ्यासली. 1958 मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. मूळ संख्येची खात्री देता येत नसेल, तर तेवढ्याच टप्प्यात मोठा मूळ अवयव असलेली संख्या तरी नक्की असते का? असते, असे त्यांनी 1969 मध्ये दाखवले. आरंभीची संख्या पुरेशी मोठी असेल, तर हा अवयव तिच्या 15/26 व्या घातापेक्षा मोठा असतो. म्हणजे अर्ध्या घाताच्या, वर्गमूळाच्या, पलीकडे 1/13 इतके पाऊल. पुढे इतरांनी हा घात वाढवत नेला. 1 पर्यंत अजून कोणी पोहोचलेले नाही.

1978 मध्ये रामचंद्र यांनी आर. बालसुब्रमण्यन यांच्यासह 'हार्डी-रामानुजन जर्नल' सुरू केले. रामानुजनच्या जन्मदिवशी, 22 डिसेंबरला, त्याचा अंक निघे. 1980 मध्ये त्यात मंगला नारळीकर यांचा लेख आला, आणि पुढच्याच वर्षी रामचंद्रांच्या मार्गदर्शनाखाली त्यांना पीएच.डी. मिळाली. मराठी वाचक त्यांना 'गणितगप्पा'मुळे ओळखतात. हे संशोधन मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. गुरूने गिरणीतल्या नोकरीतून वेळ काढला होता, शिष्येने घरसंसारातून.

निवृत्तीनंतर रामचंद्र बंगळूरला परतले आणि तिथल्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत काम करत राहिले. 2011 मध्ये ते गेले, मंगला नारळीकर 2023 मध्ये. 2024 मध्ये संगणकांनी 4,10,24,320 अंकांची मूळ संख्या शोधली. तिच्यानंतरची मूळ संख्या नेमकी किती पावलांवर आहे, हे मात्र आजही कोणी सांगू शकत नाही.